मागून सांगायचं नाही

आमच्या चौथीच्या वर्गाचं दार नीट लागत नाही. लाकूड फुगलंय, कडी अडकत नाही, आणि व्हरांड्यातून कुणी गेलं की ते बोटभर उघडतं. एखादं मूल कविता म्हणता म्हणता अडलं, की मी त्या मुलाकडे बघत नाही, दाराकडे बघते. माझी ही खोड मुलांच्याही लक्षात आलीय. परवा पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलंच, "बाई, कोण आलंय?"

"कुणी नाही. तू म्हण पुढं," मी म्हटलं.

खोटं बोलले. मला ऐकू येतं. एक बाई अगदी दबक्या आवाजात मुलाला पुढचा शब्द सांगते. मी भुताखेतांना मानणारी नाही. आमच्या गावच्या उणकल तळ्यातल्या भुतांच्या गोष्टी लहानपणी सगळ्यांनी सांगितल्या आणि मी सगळ्यांना वेड्यात काढलं. शिवाय हा आवाज भीती घालणारा नाहीच, उलट फार मायेचा आहे. माझी झोप त्या मायेनंच उडवलीय.

मी इथं हुबळीत मराठी शाळेत कविता शिकवते. म्हणजे सगळेच विषय शिकवते, पण लोक मला कवितेच्या बाई म्हणूनच ओळखतात. आमची शाळा लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्लीत आहे, आणि वर्गात मोजून चौदा-पंधरा मुलं असतात. ह्या गावात मराठी शाळेत मूल घालणारे आईबाप आता विरळाच. जे घालतात त्यांना शेजारीपाजारी विचारतात, पुढं काय करणार आहे हे मूल? त्यामुळे आलेल्या मुलांना काहीतरी असं द्यावं, की त्यांना इथं येण्याचं अप्रूप वाटेल, असं मला फार वाटायचं. म्हणून मी हजेरी बदलली.

आमच्या वर्गात मी क्रमांक पुकारला की मूल "हजर" म्हणत नाही. प्रत्येकाची स्वतःची एक ओळ असते, स्वतः केलेली, तो ती म्हणतो. पुढच्यानं पुढची म्हणायची. सगळी हजेरी झाली की वर्गाची एक कविता होते. कुणी गैरहजर असला की कवितेत तेवढी जागा रिकामी राहते, आणि मुलं त्या जागी थांबतात. हे थांबणं मी शिकवलेलं नव्हतं. त्यांनीच सुरू केलं.

एक नियम मात्र माझा होता, आणि तो फळ्याच्या वर कोपऱ्यात कायमचा लिहिलेला असे. मागून सांगायचं नाही. ओळ ज्याची त्यानंच आठवायची. मूल अडलं तर अडू दे, घाम फुटला तरी फुटू दे. माझी जीभ तिखट आहे, हे मी मान्य करते. मागच्या बाकावरून कुणी कुजबुजलं की मी म्हणायची, "तुझी ओळ संपली ना? मग आता तोंडाला कुलूप."

कोरोनाच्या थोडं आधी माझ्या वर्गात नवव्या क्रमांकाला उणकलची एक मुलगी होती. वडील मराठी, मूळचे मिरजेकडचे, बाजारात कापडाचं दुकान. आई कानडी. मुलीला रोज आईच आणून सोडायची. बाकीच्या आया फाटकातून परत जायच्या, ही व्हरांड्यात आमच्या दाराआड उभी राहायची. मी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बाहेर गेले.

"काय हवंय तुम्हाला?"

"काय न्हाई अक्कोर्री," ती म्हणाली. आमच्याकडे कानडी माणसं शाळेतल्या बाईंना अक्कोर म्हणतात. "हिची ओळ येईपर्यंत थांबतो की. मग जातो."

"पालकांनी फाटकाच्या आत थांबायचं नसतं."

"मला मराठी येत न्हाई बघा. हिच्यासंगं शिकालोय." आणि ती हसली. मला तिचं हसणं गोड वाटलं, पण 'शिकतेय'च्या जागी तिचं "शिकालोय" कानाला टोचलं. मी म्हटलं, शिका, पण बाहेर थांबून शिका. ती मान हलवून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराआड होती. नववा क्रमांक झाला की सावली हलायची.

ती भाषा मला का टोचली, हेही सांगायला हवं. मी कॉलेजला कोल्हापूरला होते. पहिल्याच आठवड्यात वर्गात कविता वाचायला उभी राहिले, आणि मागच्या बाकांवरून खसखस पिकली. माझ्या मराठीत कानडी हेल होता. घरी आम्ही सगळे तसेच बोलायचो, कुणी हसलं नव्हतं. त्यानंतर वर्षभर खोलीत आरशासमोर उभी राहून मी माझा हेल काढून टाकला. हुबळीला परत आले ती धुऊन वाळवलेलं मराठी घेऊन. माझ्या हाताखालच्या एकाही मुलावर कुणी तसं हसता कामा नये, असं मी ठरवलं होतं. ठरवलं ते चांगलंच होतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं माझं झालं होतं. माझ्यावर हसणारी माणसं कुठल्या कुठं गेली, आणि त्यांचे कान मात्र माझ्या डोक्याला चिकटून राहिले.

मग कोरोनाचं वर्ष आलं आणि शाळा बंद झाली. फोनवरून शिकवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण हजेरी मी सोडली नाही. मुलांना सांगितलं, आपापल्या खिडकीतून बघा, जे दिसेल त्याच्या चार ओळी करा, आणि रोज सकाळी त्या म्हणून आवाज मला पाठवा. मी ते क्रमाक्रमानं जोडायची आणि दहा वाजता सगळ्यांना पाठवायची. घराघरांत पंधरा मुलं बंद होती, पण दहा वाजता सगळी एका कवितेत यायची. त्या दिवसांत मला जगावंसं वाटलं ते त्या दहा वाजण्यामुळे.

उणकलच्या मुलीची कविता अशी होती:

आमच्या खिडकीतून तळं दिसतं.
तळ्यात ढग पोहायला उतरतात.
त्यांना भेटायला कुणी जात नाही,
कारण सगळे घरात आहेत.

नऊ वर्षांच्या मुलीनं हे केलं, म्हणून मी हरखून गेले. पण ती रोज तिसऱ्या ओळीला अडायची. "त्यांना" म्हणायची आणि थांबायची. मग मागून आईचा आवाज यायचा, हळूच, "बेटायला." कधी मुलगी सुरू व्हायच्या आधीच आई पहिली ओळ म्हणून दाखवायची. कधी दोघी मिळून म्हणायच्या आणि शेवटी हसायच्या. कविता पोरीची होती, पण पाठ आईलाच जास्त होती.

आठ दिवस मी चालवून घेतलं. जोडलेल्या हजेरीत बाकी सगळे आवाज स्वच्छ, आणि नवव्या क्रमांकाला हा कानडी हेल. ते रेकॉर्डिंग माझ्या पुण्याच्या एका नातेवाईक बाईंना मी कौतुकानं पाठवलं. त्यांनी उत्तर दिलं, "छानच! तुमच्याकडचं मराठी ऐकलं की गंमत वाटते." एवढंच. त्यांच्या मनात काही वाईट नसेलही. पण मला कोल्हापूरचे मागचे बाक आठवले, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात तसं मी बोटांचं केलं. लगेच पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिलं:

"उद्यापासून पालकांनी मागून सांगू नये. घरातल्या कुणाचाही आवाज येता कामा नये. ज्यांचे उच्चार स्पष्ट नाहीत त्यांनी तर मुळीच बोलू नये. आवाज आलेला पाठ स्वीकारला जाणार नाही."

बाण कुठल्या घरावर होता ते सगळ्यांना कळलं असणार. पंधरापैकी चौदा घरांत मराठीच होतं.

दुसऱ्या दिवसापासून नवव्या क्रमांकाचे आवाज स्वच्छ येऊ लागले. आधीचे आठ मी पुसून टाकले. फोनमध्ये जागा नव्हती हे खरं, पण जागा करायला मी नेमके तेच आठ निवडले हेही खरं. स्वच्छ आवाज संगणकावर घेऊन नीट क्रमांक घालून ठेवले.

पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत ती बाई गेली. गटावर कुणीतरी कळवलं. मी हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि खाली दोन ओळी लिहिल्या. शाळा उघडेपर्यंत मुलगी इंग्रजी शाळेत गेली होती. पहिल्या दिवशी हजेरी घेताना एक मूल अडलं, मी त्याला अडू दिलं, आणि दार बोटभर उघडलं. मी म्हणणारच होते, पालकांनी फाटकाच्या आत थांबायचं नसतं. तोंडापर्यंत आलेले शब्द मी गिळले. व्हरांड्यात कुणीही नव्हतं.

तेव्हापासून हे चालू झालं. आधी मला वाटलं, कानांत काही दोष असेल. डॉक्टरनी कान बघितले, चांगले आहेत म्हणाले. चांगले कान काय कामाचे, असं मी त्यांना म्हटलं नाही. मूल अडलं की वर्ग गप्प होतो, आणि त्या गप्पपणात ती येते. मला शब्द सांगत नाही, मुलाला सांगते. मला तर ती बघतसुद्धा नसावी.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी माझ्या देशपांडे नगरच्या घराची बेल वाजली. दारात एक उंच, दोन वेण्या घातलेली मुलगी. मी ओळखलं नाही. तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "नववा क्रमांक, बाई."

ती आता दहावीत होती. मी चहा टाकला, चकल्या काढल्या. ती बशीला हात न लावता बसली होती. मग एकदम म्हणाली, "बाई, कोरोनात आम्ही तुम्हाला कविता पाठवायचो, त्या तुमच्याकडे आहेत? सुरुवातीच्या. आई मागून सांगायची त्या."

मी गॅस बारीक करायचं निमित्त करून पाठ फिरवली. "का गं?"

"आईचे फोटो आहेत. व्हिडिओ एकपण नाही. तिला आवडायचं नाही. पप्पांचा तेव्हाचा फोन दुकानात पडून फुटला." तिनं वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला तिचा आवाज आठवेना झालाय, बाई. आधी आठवायचा. रात्री डोळे मिटले की यायचा. आता तिनं काय म्हटलं ते आठवतं, पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतं. सगळ्यांना विचारलं. तुम्हीच राहिला होता."

एवढं आपल्या दारात कुणी मागायला येतं, आणि आपण काय करतो? मी खोटं बोलले. "फोन बदलला गं मी. सगळं गेलं त्यात." फोन बदलला होता, पण त्याच्या कितीतरी आधी ते आठ मी माझ्या अंगठ्यानं पुसले होते. संगणकावरच्या स्वच्छ आवाजांबद्दलही मी बोलले नाही. ते दाखवले असते, तर त्यात आई का नाही हेही सांगावं लागलं असतं.

तिनं चहा प्यायला, "असू दे बाई" म्हणाली आणि चपला घातल्या. फाटकापाशी वळून तिनं हात केला. मीही केला. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

सुट्टी संपली. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं. हजेरी घेताना मी मुलांना अडूच देईनाशी झाले. कुणी जरा श्वास घ्यायला थांबलं की मीच घाईनं पुढचा शब्द सांगायची, म्हणजे मधे जागाच राहू नये. मुलं चकित झाली. एकानं फळ्यावरच्या नियमाकडे बोट दाखवलं. "बाई, मागून सांगायचं नाही ना?" मी डस्टर घेतलं आणि तो नियम पुसला. तो मी अजून परत लिहिलेला नाही. हेडमास्तरांना ते पसंत नाही.

पण पुसल्यानं भागलं नाही. उलट आता तो आवाज माझ्याआधी यायला लागला. मी शब्द सांगायला तोंड उघडायची, आणि दाराआडून तो सांगून झालेला असायचा. आठवडाभर मी हे काढलं. आठव्या दिवशी मुलीच्या वडिलांच्या दुकानाचा नंबर शोधून फोन केला आणि मुलीला रविवारी पाठवा म्हणाले.

ती आली. ह्या वेळी मी चहा टाकला नाही. चहा टाकला असता तर पुन्हा पाठ फिरवायला जागा मिळाली असती. तिला संगणकासमोर बसवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आठ मी पुसले. फोन बदलला म्हणून नाही, तुझ्या आईचे उच्चार मला नको होते म्हणून. तो मेसेज मी तुझ्या आईसाठीच लिहिला होता. माझ्याकडे आहेत ते त्यानंतरचे, त्यात ती नाही.

मी मार खायला उभ्या राहिलेल्या पोरासारखी उभी होते.

"मला माहीत होतं, बाई," ती म्हणाली.

"काय?"

"मेसेज. आईला मराठी भरभर वाचता येत नव्हतं. तिनं मलाच वाचायला लावला. मी मोठ्यानं वाचला. सगळा."

नऊ वर्षांच्या मुलीनं तो मेसेज आपल्या आईला वाचून दाखवला होता. ज्यांचे उच्चार स्पष्ट नाहीत त्यांनी तर मुळीच बोलू नये. तो तिनं स्पष्ट उच्चारांत वाचला असणार, माझीच विद्यार्थिनी ती. मी खुर्ची ओढून बसले.

"काय म्हणाली ती?"

"काय नाही. 'अक्कोर सांगितल्या म्हणजे बरोबरच असंल की' म्हणाली. मग रोज रेकॉर्डिंगच्या वेळी बाहेर जायची. जाताना दार लावून घ्यायची, कुकरचा आवाज येऊ नये म्हणून." मग संगणकाकडे वळून ती म्हणाली, "लावा ना बाई. आहेत ते लावा."

मी नवव्या क्रमांकाची फाइल उघडली. नियमानंतरची पहिली.

सुरुवातीला खरखर होती. मग पावलं, आणि कडी लागल्याचा आवाज. अगदी हलक्या हातानं लावलेली कडी. मी ही फाइल जोडताना कितीदा ऐकली असेल! दर वेळी ती कडी मी कापून टाकायची, मूळ फाइलमध्ये ती राहून गेली होती. मुलीनं माझं मनगट धरलं. "ही आई," ती म्हणाली.

मग लहानपणीची ती बोलायला लागली. आमच्या खिडकीतून तळं दिसतं. तळ्यात ढग पोहायला उतरतात. त्यांना. आणि अडली.

बंद दाराच्या आत एक नऊ वर्षांची मुलगी एकटी अडून बसली होती, आणि दाराबाहेर तिच्या आईला पुढचा शब्द येत होता. मला खोलीत तो गप्पपणा वाढताना कळत होता. मी सवयीनं दाराकडे बघितलं. माझ्या घराचं दार नीट लागतं. ते लागलेलंच होतं.

शब्द माझ्या शेजारून आला. मुलगी संगणकाकडे वाकली होती, तिचे डोळे मिटलेले होते, आणि ती स्वतःलाच, त्या लहान मुलीला, अगदी दबक्या आवाजात सांगत होती.

"बेटायला."

तो आवाज मला पाठ होता. इतकी वर्षं मी तो वर्गात ऐकत होते, तोच, तसाच, शेवटी किंचित वर जाणारा.

"भेटायला कुणी जात नाही," संगणकातली मुलगी म्हणाली, "कारण सगळे घरात आहेत."

फाइल संपली. शेजारच्या मुलीनं डोळे उघडले आणि स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला.

"आला, बाई," ती म्हणाली. "ऐकलात ना? आला."

मला रडू फुटलं. मी मान हलवली.

"परत लावा की," ती म्हणाली, आणि मी परत लावलं.